पंधरा भुंगे आणि पळीभर तेल

बंगळूरूच्या जुन्या विमानतळ रस्त्याने मारतहळ्ळीकडे निघालं, की वाटेत विमानपुऱ्याजवळ इस्रोचं उपग्रह केंद्र लागतं. आता त्याला यू. आर. राव यांचं नाव दिलेलं आहे. ही संस्था इथे येण्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडांमध्ये होती. तिथेच 'आर्यभट' तयार झाला, आणि त्याच्यामागून सुमारे ४४० किलो वजनाचा दुसरा उपग्रह. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार तळावरून तो आकाशात गेला. त्याच्यावर पृथ्वीची चित्रं घेणारे कॅमेरे होते आणि समुद्राचा अभ्यास करणारा एक रेडिओमीटर. नाव ठेवलं होतं 'भास्कर'.

हे नाव एकाच वेळी दोन माणसांचं आहे. एक भास्कर सातव्या शतकातला आणि दुसरा बाराव्या. दुसऱ्याला आपण भास्कराचार्य म्हणतो. गणिती म्हणून त्याची कीर्ती एवढी आहे, की तो आणखी काय काय होता हे बघायला कुणी थांबत नाही. तो विषय समजावून सांगणारा लेखक होता. आपल्या भाषेत ज्याला विज्ञानलेखन म्हणतात, त्यातल्या बहुतेक युक्त्या त्याच्याकडे सापडतात. शिवाय तो कवी होता, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहावी अशी त्याची फार इच्छा होती. कवी म्हणून त्याचं स्वतंत्र पुस्तक मात्र आपल्याजवळ नाही. त्याची कविता त्याच्या गणितात आणि खगोलात मिसळून गेली आहे.

अशी माणसं आजही आपल्या ओळखीत असतात. मासिकात विज्ञानाचं सदर चालवतात, शाळांमधून व्याख्यानं देतात आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या छोट्या प्रकाशनाकडून, बहुधा पदरमोड करून, कवितासंग्रह काढतात. सदराचे वाचक हजारोंनी असतात, संग्रहाचे हाताच्या बोटांवर. दोन्ही कप्पे वेगळे ठेवायचे अशी आता रीत आहे. भास्कराचार्याने कप्पा एकच ठेवला.

त्याच्या आयुष्याबद्दलची पक्की माहिती एका पानात मावेल. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. बाप महेश्वर, तोच गुरू. गोत्र शांडिल्य. गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या परिसरातलं. हे गाव नेमकं कोणतं यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात जुनी ओढाताण आहे. खानदेशातलं पाटण, बीड, विजापूर अशी नावं पुढे केली जातात. 'सह्याद्री' हा शब्द खुद्द त्याचाच असल्यामुळे विजापूरकरांची बाजू जरा लंगडी पडते, एवढं म्हणायला हरकत नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्याने 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पंचांगकर्त्यांच्या रोजच्या कामासाठी 'करणकुतूहल' लिहिलं. त्यानंतर पाच वर्षांनी मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु' झाला असं परंपरा मानते. म्हणजे मराठीत ग्रंथ लिहायला नुकती कुठे सुरुवात होत होती, त्या उंबरठ्यावरचा हा माणूस.

तो कवी झाला यात नवल नाही, कारण घरात कवी होतेच. नातवाच्या काळच्या एका शिलालेखात घराण्याची वंशावळ दिली आहे. तिच्यात सर्वांत वर त्रिविक्रम आहे आणि त्याची पदवी 'कविचक्रवर्ती' अशी आहे. त्याचा मुलगा भास्करभट्ट, त्याला भोजराजाने 'विद्यापती' म्हटलं. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि आपला भास्कर. महेश्वरालाही तिथे 'कवीश्वर' म्हटलं आहे. खुद्द भास्कराची स्तुती करताना लेख त्याच्या ज्योतिषाइतकाच त्याच्या छंदशास्त्रातल्या अधिकाराचाही उल्लेख करतो.

आता कुणी म्हणेल, त्या काळी सगळं पद्यातच लिहीत, त्यात कवी कसला? हे बरोबर आहे, आणि अर्धवटही आहे. वैद्यक, व्याकरण, स्थापत्य, हिशेब, सगळं पद्यात असे, कारण पोथी दुर्मीळ होती आणि पाठांतर हाच ग्रंथसंग्रह होता. वृत्तात बसलेली ओळ विसरली तर ठेच लागते आणि चूक कळते. आकडे पाठ करणं सर्वांत अवघड, म्हणून आकड्यांसाठी वस्तूंची नावं वापरायची युक्ती काढलेली होती. चंद्र म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार. वृत्ताला लघु हवा की गुरू, त्याप्रमाणे चंद्राचे पंचवीस पर्याय हाताशी असत. आकडे लिहायचे मात्र उजवीकडून डावीकडे. भास्कराने स्वतःचं जन्मवर्षही असंच सांगितलं आहे. चवी सहा, गुण तीन, मग पूज्य, आणि पृथ्वी एक. उलट वाचलं की १०३६.

या पद्धतीने लिहिलेले बहुतेक ग्रंथ पद्यात असले तरी रुक्ष आहेत. कमीत कमी अक्षरांत जास्तीत जास्त नियम कोंबायचा, एवढंच वृत्ताचं काम. भास्कराचं पद्य उघडलं की फरक लगेच जाणवतो. नियम सांगताना तोही काटकसरी आहे, पण उदाहरणाची वेळ आली की हात सैल सोडतो.

'लीलावती'तलं भुंग्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका थव्यातले पाचवा हिस्सा भुंगे कदंबाच्या फुलावर गेले, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्शांमध्ये जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याकडे वळले. राहिला एक. त्याला केवड्याचा आणि मालतीचा वास एकाच वेळी आला आहे, दोन प्रेयसींच्या दूतींनी एकाच घटकेला बोलावणं आणावं तसा, आणि तो बिचारा हवेतच इकडून तिकडे घिरट्या घालतो आहे. तर भुंगे एकूण किती?

गणित म्हणून हे सोपं आहे. भास्कर त्यासाठी जी रीत शिकवतो तिला 'इष्टकर्म' म्हणतात. सोयीचा कोणताही आकडा धरा. समजा तीस. पाचवा हिस्सा सहा, तिसरा हिस्सा दहा, फरक चार, त्याची तिप्पट बारा. सहा, दहा आणि बारा मिळून अठ्ठावीस, उरले दोन. आपल्याला उरायला हवा एक, म्हणजे धरलेला आकडा दुप्पट झाला. उत्तर पंधरा. पण या उदाहरणात कवीने केलेलं काम बघण्यासारखं आहे. 'बाकी एक' ही कोरडी अट त्याने एका पात्राच्या हवाली केली. मुलगा रीत विसरेल, पण तो अडकलेला भुंगा विसरणार नाही, आणि भुंगा आठवला की 'बाकी एक' आपोआप आठवतं.

दुसरा एक थवा आहे. त्याच्या अर्ध्याचं वर्गमूळ काढावं तेवढे भुंगे मालतीवर गेले, थव्याचे आठ-नवमांशही पाठोपाठ गेले, आणि एक नर वासाच्या लोभाने कमळात शिरला तो रात्री पाकळ्या मिटल्यावर आतच कोंडला गेला. बाहेर त्याची मादी गुणगुणते आहे, आतून तो उत्तर देतो आहे. उत्तर बहात्तर. इथे विद्यार्थ्याला वर्गसमीकरण सोडवावं लागतं. पाऊस आल्यावर ज्यातले काही हंस मानसरोवराकडे उडाले तो थवा मोजायचा आहे (हंस निघतात एकशे चव्वेचाळीस), कर्णाशी लढताना अर्जुनाने कोणत्या कामाला किती बाण वापरले ते काढायचं आहे (एकूण शंभर). पाण्यावर अर्धा हात वर आलेलं कमळ वाऱ्याने झुकून दोन हातांवर बुडतं, तर पाणी किती खोल, असंही विचारलं आहे. पावणेचार हात.

मला यांतलं मोराचं उदाहरण सर्वांत आवडतं, कारण त्यात एकही शब्द शोभेचा नाही. नऊ हात उंच खांबाच्या टोकावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचं बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे आणि बिळाकडे निघाला आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघेही सारखंच अंतर कापतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? बारा. आपण शाळेत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो तो इथे पूर्ण वापरलेला आहे, आणि काटकोन त्रिकोणाचा उच्चारही नाही. बीळ पायथ्याशी ठेवल्यामुळे काटकोन आपोआप तयार झाला, सापाला घाई असल्यामुळे झेप तिरपी झाली, आणि वेग सारखा धरल्यामुळे समीकरण बसलं. कथेतली प्रत्येक गोष्ट आकृतीतली एक रेषा आहे. विज्ञान सोपं करणाऱ्या लेखकांना हे सहसा जमत नाही. ते गोष्ट वेगळी सांगतात आणि विषय वेगळा.

गणितातून कवितेकडे जाणारी एक चोरवाटही या पुस्तकात आहे. शेवटी 'अंकपाश' म्हणून भाग आहे, तिथे मांडणीचे प्रकार मोजायचे आहेत. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती अदलून-बदलून दिली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? ३६,२८,८००. अशाच मोजणीत त्याने आधी छंदही घेतले आहेत. गायत्री छंदाच्या एका चरणात सहा अक्षरं, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, म्हणून चरणाचे चौसष्ट प्रकार. चारही चरण स्वतंत्र धरले तर चोवीस अक्षरं, आणि प्रकार १,६७,७७,२१६. अशी मोजणी पिंगलाच्या छंदशास्त्रापासून चालत आली होती. लघु-गुरूंचा हिशेब ठेवता ठेवता कवींनीच गणितातलं एक प्रकरण लिहून काढलं होतं, आणि भास्कराने ते पाठ्यपुस्तकात आणलं.

तो या वाटेवरचा पहिला नव्हता. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' लिहिला, त्यातली उदाहरणंही रंगतदार आहेत. बाराव्या शतकातच राजादित्य नावाच्या जैन पंडिताने 'व्यवहारगणित' थेट कन्नडात लिहिलं. कन्नड लोकांच्या बोलीत गणित आणण्याचा मान त्याचा. भास्कर संस्कृतातच राहिला. त्यामुळे त्याला 'लोकप्रिय' म्हणताना जरा जपून म्हणावं लागतं. त्याचे लोक म्हणजे पाठशाळेतले लोक.

लीलावती कोण होती, हा प्रश्न टाळता येत नाही. गोष्ट सर्वांना माहीत आहे. भास्कराची मुलगी, तिच्या पत्रिकेतला वैधव्ययोग, शुभ घटका मोजणाऱ्या घटिकापात्रात पडलेला मोती, बंद पडलेलं भोक, टळलेला मुहूर्त, आणि लेकीचं नाव अमर करण्यासाठी बापाने लिहिलेलं पुस्तक. ही गोष्ट भास्कराच्या कोणत्याही ग्रंथात नाही. ती मिळते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फार्सी भाषांतरात, १५८७ साली, म्हणजे मूळ पुस्तकानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. पुस्तकात 'बाळे', 'सखे', हरणासारख्या डोळ्यांची, अशी संबोधनं आहेत. त्यांतली काही बापाच्या तोंडी शोभणारी नाहीत. शिवाय मधूनच तो एखाद्या व्यापाऱ्याला किंवा मित्रालाही हाक मारतो. ही सगळी कवीची श्रोतेमंडळी आहे असं मानणं जास्त सरळ वाटतं. पुस्तकाच्या अखेरीस श्लेषही केला आहे. तिथे एकच वर्णन सुंदर स्त्रीला लागतं आणि गणिताच्या पोथीलाही, आणि दोघींना कंठाशी धरलं की सुख मिळतं असं सुचवलं आहे. मुलीच्या दुःखावर लिहिलेल्या पुस्तकाचा शेवट कुणी असा करणार नाही. गोष्ट खोटी असेल, पण तिच्यामुळे गणिताचं एक पुस्तक घराघरांत नावाने ओळखलं गेलं, हेही खरं.

कवी म्हणून भास्कराची खरी धिटाई लीलावतीत नाही, गोलाध्यायात आहे. हा सिद्धांतशिरोमणीतला खगोलाचा भाग. पृथ्वीचा आकार, ग्रहणं, वेधाची यंत्रं असे विषय ओळीने चालले असताना मध्येच एक प्रकरण येतं, ऋतुवर्णन. वसंतापासून सहाही ऋतू, मोगऱ्याचा दरवळ, कोकिळा, ढग, विरहिणी. खगोलाशी संबंध एवढाच, की ऋतू सूर्यामुळे होतात. प्रकरणाच्या शेवटी तो सरळ कबूल करतो, की ऋतूंचं निमित्त करून थोडी कविता दाखवली आहे, जाणकार रसिकांना आनंद व्हावा म्हणून.

आपण काय चोरून आत आणलं ते चोराने स्वतःच सांगावं, तसा हा प्रकार. ज्योतिषाच्या पोथीला नकलाकार मिळत, विद्यार्थी मिळत, राजाश्रय मिळे. मोजक्या श्लोकांच्या सुट्या कवितेला कोण विचारणार? म्हणून त्याने ती टिकाऊ पुस्तकात बसवली. कविता म्हणून ती फार मोठी आहे असं नाही. कालिदासाच्या वाटेने जाणारी आहे, संकेत ठरलेले आहेत. भुंग्याच्या उदाहरणातला भास्कर या ऋतुवर्णनातल्या भास्करापेक्षा चांगला कवी आहे, असं माझं मत. जिथे त्याला कविता करायची होती तिथे त्याने परंपरा गिरवली, आणि जिथे गणित शिकवायचं होतं तिथे त्याला नवं सुचलं.

जगात इतरत्रही हे घडलेलं आहे. रोमन कवी लुक्रेशियसने इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात अणुवाद सहा सर्गांच्या महाकाव्यात मांडला. ते काव्य युरोपात जवळजवळ हरवलं होतं, १४१७ साली पोज्जो ब्राच्चोलिनी या ग्रंथशोधकाला एका मठात त्याची प्रत सापडली. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन पेशाने डॉक्टर. त्यांनी वनस्पतींचं लिनियसने केलेलं वर्गीकरण लोकांना कळावं म्हणून १७८९ साली वनस्पतींच्या प्रेमप्रकरणांवर दीर्घकाव्य छापलं, आणि डॉक्टरकीवर परिणाम होऊ नये म्हणून आधी त्यावर नाव घातलं नाही. भास्कराला अशी भीती नव्हती. कवी असणं हा त्याच्या धंद्यात कमीपणा नव्हता.

पद्याने स्मरण साधतं, समज साधतेच असं नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून सिद्धांतशिरोमणीच्या खगोलाच्या भागांवर त्याने स्वतःच गद्यात टीका लिहिली. 'वासनाभाष्य' हे तिचं नाव. नियम असा का, उपपत्ती काय, आधीच्या आचार्यांचं कुठे चुकलं, हे त्यात येतं. स्वतःच्या कवितेला स्वतःच तळटीपा देणारा कवी म्हटलं तर आज हसू येईल, पण विज्ञानलेखक म्हणून त्याची ताकद या गद्यात आणि गोलाध्यायातल्या वादविवादांत दिसते.

पृथ्वी कशावर टेकली आहे? शेषावर, कासवावर, हत्तींवर, अशी उत्तरं प्रचलित होती. तो विचारतो, आधाराला दुसरा आधार लागणार, त्याला तिसरा. ही रांग कुठेतरी तोडून 'हा स्वतःच्या बळावर उभा आहे' असं म्हणावंच लागणार असेल, तर ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? पृथ्वी सपाट दिसते, त्याचं काय? वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, आणि माणूस पृथ्वीच्या मानाने अगदीच लहान. मेरू पर्वताच्या आड सूर्य गेला की रात्र होते म्हणता, तर तो सोन्याचा मेरू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये असताना दिसत कसा नाही? दोन सूर्य आणि दोन चंद्र मानणाऱ्या जैन मताचीही तो अशीच उलटतपासणी करतो. गणित न येणाऱ्यालाही हे प्रश्न कळतात. शेवटी यंत्रांचं वर्णन करताना तो म्हणतो की सर्वांत मोठं यंत्र म्हणजे बुद्धी. एवढं सांगून पाऱ्याने भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचीही कृती देतो. ते चाक फिरणार नाही हे आज आपल्याला माहीत आहे. यंत्र करून बघण्यापेक्षा ते श्लोकात मांडण्याचा मोह मोठा ठरला असावा.

पुस्तक टिकलं ते पुढच्यांमुळे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. हा 'ग्रहलाघव' लिहिणारा गणेश, ज्याच्या आधाराने महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं झाली. फैजीचं भाषांतर त्यानंतरचं. इंग्रजीत लीलावती आधी मुंबईत अवतरली, १८१६ साली, जॉन टेलर या डॉक्टरने केलेली. पुढच्याच वर्षी लंडनला कोलब्रुकची.

मराठी वाचकाने मात्र सीहोरची आठवण ठेवायला हवी. भोपाळजवळच्या या गावात लॅन्सलॉट विल्किन्सन हा कंपनीचा राजकीय अधिकारी होता. कोपर्निकसचं ज्योतिष शिकवायचं तर इथल्या लोकांना आधी त्यांचाच भास्कराचार्य वाचायला द्यावा, असं त्याचं म्हणणं. पृथ्वी गोल आहे हे ज्याला आपल्या घरच्या आचार्याकडून कळलं, तो पुढचं पाऊल टाकायला कमी बिचकतो. त्याच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी १८३६ साली मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांतलं विश्व, भास्कराचं विश्व आणि युरोपचं नवं विश्व, तिन्ही समोरासमोर ठेवून तोलणारं हे पुस्तक. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन' हे मासिक निघायला अजून चार वर्षं होती. मराठीतल्या विज्ञानलेखनाचा इतिहास सांगताना सुबाजी बापूंचं नाव क्वचित घेतलं जातं. ते का, हे मला कळलेलं नाही. विल्किन्सननेच हाताशी धरलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीला गेले, आणि १८६६ साली त्यांनी संपादलेला सिद्धांतशिरोमणी छापून आला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त (१८९६) भास्कराला त्याची जागा मिळाली, आणि १९७१ साली ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' आलं. आजच्या मराठी वाचकाला मूळ पुस्तकाजवळ जायचं असेल तर तिथून सुरुवात करावी.

पण छापखाना येण्याआधीची सहाशे वर्षं या पोथ्या कुणी जगवल्या? नकला करणाऱ्या असंख्य अनामिकांनी. त्यांच्या आधी, सुरुवातीलाच, एका घराने.

भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. त्याचा मुलगा चांगदेव, हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशात मठ काढला. पाटण गावी, चाळीसगावपासून नैर्ऋत्येला डोंगराच्या पायथ्याशी. हल्ली आपण त्या जागेला पाटणादेवी म्हणतो आणि गौताळ्याच्या अभयारण्यात फिरायला जातो. तिथल्या भवानीच्या देवळातला शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याबद्दल लिहिलं. भास्कराच्या घराण्याची सारी वंशावळ आपल्याला कळली ती या दगडामुळे.

सिंघणाचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, याने या मठाला देणगी दिली. तिथी आहे शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, म्हणजे इ.स. १२०७. ज्योतिष्याच्या घराला दान द्यायला याहून चांगला मुहूर्त कोणता असणार. मठात काय शिकवायचं तेही लेखात लिहिलं आहे. सिद्धांतशिरोमणी, भास्कराचे इतर ग्रंथ आणि त्याच्या घराण्यातल्या लोकांनी लिहिलेले ग्रंथ. एकाच घरच्या लेखकांची पुस्तकं, ती चालू ठेवायला घरच्याच माणसाने उभी केलेली संस्था. छोट्या प्रकाशनांची धडपड याहून वेगळी नसते.

हे घराणं पुढेही लिहीत राहिलं. भास्कराच्या भावाचा, श्रीपतीचा, नातू अनंतदेव हासुद्धा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने चाळीसगावच्याच परिसरात, बहाळला, देऊळ बांधलं. शके ११४४ मध्ये (१२२२) तिथे लेख कोरला, तेव्हा त्यातले श्लोक रचले त्याच्या भावाने. त्याचंही नाव महेश्वर, पणजोबांचंच.

पाटणच्या लेखातले श्लोक संस्कृतात आहेत. वंशावळ, राजस्तुती, भास्कराची थोरवी, सगळं अलंकारिक. ते संपलं की लेख एकदम मराठीत येतो. कारण आता पैशांची गोष्ट सुरू होते आणि ती गावातल्या माणसांना कळायला हवी. मराठीच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांमध्ये या ओळी मोजतात. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जाणारा कर यापुढे मठाला द्यायचा. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकाने मठाला पळीपळी तेल द्यायचं.